डोक्याला अल्ट्रासाउंड देऊन डिप्रेशन बरं होतं म्हणे, कुणी घेतलंय का?

कृष्णाकाठची

नमस्कार मंडळी. जरा लांबलचक होईल, सांभाळून घ्या. माझा मोठा भाऊ, वय ४३, एमआयडीसीत टर्नर आहे, म्हणजे होता म्हणायचं आता, आठ महिने कामावर नाही. डिप्रेशन गेली नऊ वर्षं. मधे दोन वर्षं बरी गेली, मग परत. तीन डॉक्टर झाले, गोळ्या किती बदलल्या त्याचा हिशोब माझ्याकडे नाही, वहिनीकडे एक पिशवी आहे भरून, त्यात सगळे कागद नि अर्धवट राहिलेल्या स्ट्रिपा. तो रडत वगैरे नाही. सकाळी बूट घालायला बसतो, एक घालतो आणि दुसरा हातात धरून पंधरा-वीस मिनिटं तसाच बसतो, मग घातलेला पण काढून ठेवतो. घरात आता त्यावर कुणी काही बोलत नाही.

तर मागच्या आठवड्यात वहिनीला कुणीतरी रील पाठवली, ध्वनिलहरींनी मेंदू रिचार्ज, ना गोळी ना ऑपरेशन असं काहीतरी. फोन केला तर म्हणाले वीस सिटिंगचे ८५ हजार, नव्वद टक्के रिझल्ट, अमेरिकेत हेच चालतं. वहिनी पाटल्या मोडायला निघालीये. मी म्हटलं चार दिवस थांब, विचारते. नेटवर बघितलं तर खरंच अमेरिकेतल्या युनिव्हर्सिट्यांची नावं येतात, म्हणजे अगदीच थाप नाहीये. पण सोनोग्राफी तर आपण पोटाची करतो, तिने मेंदू कसा काय बरा होणार? आणि होत असेल तर आमच्या तिन्ही डॉक्टरांनी एकदाही नाव कसं काढलं नाही? कुणाला माहिती असेल तर प्लीज सांगा. (पाटल्या आमच्या आईच्या आहेत, त्यात पण जीव अडकलाय, खोटं कशाला बोलू.)

प्रोबवाला

ताई, मी डॉक्टर नाही. सोनोग्राफीची मशीनं दुरुस्त करतो, सतरा वर्षं झाली, त्यातली निम्मी पीसीपीएनडीटीचे (गर्भलिंग तपासणी बंदीच्या कायद्याचे) कागद दाखवण्यात गेली असं समजा. आजाराचं मला विचारू नका, लहरींचं सांगतो.

पोटाच्या सोनोग्राफीचा प्रोब साधारण ३.५ मेगाहर्ट्झचा, म्हणजे सेकंदाला ३५ लाख कंपनं. ही लहर मऊ मांसातून झकास जाते पण हाड आडवं आलं की संपलं, काही परत फिरते, बरीचशी हाडच खाऊन टाकतं. म्हणून तान्ह्या बाळाच्या मेंदूची सोनोग्राफी होते आणि आपली होत नाही. बाळाची टाळू भरलेली नसते ना, त्या मऊ जागेवर जेल लावून प्रोब ठेवला की आतलं सगळं स्क्रीनवर. दीड वर्षाचं होईतो टाळू भरते आणि ते दार बंद. मोठ्या माणसाचं कानशिलापाशी हाड पातळ असतं तिथून २ मेगाहर्ट्झने डॉपलर, म्हणजे रक्तप्रवाहाची तपासणी करतात, पण म्हाताऱ्या माणसात पुष्कळदा तिथूनही काही लागत नाही, डॉक्टर प्रोब फिरवून फिरवून वैतागतात आणि मग मला फोन करतात की मशीन बिघडलंय. मशीन ठणठणीत असतं.

मग ही संशोधक मंडळी काय करतात, तर फ्रिक्वेन्सी खाली आणतात, ५००-६०० किलोहर्ट्झच्या आसपास. अशी लहर कवटीतून जाते, सगळी नाही पण कामापुरती. आणि एक प्रोब नाही, शंभर-दोनशे बारके क्रिस्टल लावतात आणि प्रत्येकाला किंचित मागेपुढे उडवतात. ढोलपथकात लांबच्या ढोलवाल्याने अंमळ आधी टिपरू मारलं तर समोरच्या माणसाला सगळे एकाच ठोक्यावर ऐकू येतात, तसंच. सगळ्यांच्या लहरी आत एका जागी एका वेळी पोचतात, तिथे जोर मिळतो, बाकी मेंदूला नुसती हवा लागून जाते. ५०० किलोहर्ट्झला शरीरात लहरीची लांबी ३ मिलिमीटर पडते, म्हणजे नेम तांदळाच्या दाण्याएवढा बारीक नसला तरी वालाच्या दाण्याएवढा धरा, आणि तोही पार खोल. डिप्रेशनसाठी चुंबकाचं मशीन वापरतात त्याला हे जमत नाही, त्याचा जोर वरच्या थरातच विरतो.

गोची अशी की कवटी प्रत्येकाची वेगळी. जाडी वेगळी, आतलं जाळीदार हाड वेगळं. त्यामुळे नेमही सरकतो आणि जोरही कमी-जास्त होतो. नीट करायचं तर आधी त्या माणसाचा एमआरआय, कधी सीटीसुद्धा काढून हिशोब मांडावा लागतो. तुमच्या क्लिनिकवाल्यांनी एमआरआय मागितला का? नसेल तर नेम कशावर धरणार आहेत ते विचारा. सोबत मशीनचं नाव, कंपनी आणि फ्रिक्वेन्सी पण विचारा. फिजिओवाले गुडघ्यावर फिरवतात ते पण अल्ट्रासाउंडच असतं हं, १ नाहीतर ३ मेगाहर्ट्झचं. ते डोक्यावर फिरवलं तर जेल तेवढं केसात राहील.

सह्याद्रीपुत्र

मशीनबिशीन सगळं झूट आहे. पहाटे पाचला उठवा, सूर्यनमस्कार घालायला लावा, मोबाईल काढून घ्या. आमच्या आजोबांच्या काळी नव्हतं हे डिप्रेशन वगैरे.

ओपीडी नंबर तीन

होतं की, फक्त विहिरीत पाय घसरला असं सांगायचे. सविस्तर लिहिते ताई, रात्रीची ड्युटी संपू दे.

एफएमआरआयवाली

मी अमेरिकेत मेंदूच्या स्कॅनवर पीएचडी करतेय, अल्ट्रासाउंड माझा विषय नाही, पण आमच्या जर्नल क्लबमध्ये यातले बरेच पेपर चिरफाड करून झालेत. प्रोबवाल्या काकांनी भारी सांगितलं, मी माणसांवर काय झालंय ते सांगते.

आधी एक गोंधळ काढून टाकू. जुलै २०१६ मध्ये एफडीएने (अमेरिकेत औषधं नि मशीनं मान्य करणारं सरकारी खातं) अल्ट्रासाउंडला मेंदूसाठी मान्यता दिली हे खरंय, पण ती हात थरथरण्याच्या आजारासाठी, आणि तो प्रकार जोराचा. डोकं भादरतात, फ्रेम स्क्रूने बसवतात, १०२४ क्रिस्टलचं हेल्मेट घालून एमआरआयमध्ये आत ढकलतात आणि थॅलॅमस नावाच्या मेंदूतल्या खोल भागातला एक ठिपका ५५-६० डिग्रीपर्यंत तापवून कायमचा मारतात. रीलमध्ये एफडीए मान्य असं लिहिलं असेल तर ते हे. डिप्रेशनसाठी जो वापरून बघतायत तो हलका, त्यात काही जळत नाही. पेशीच्या पडद्याला जरासा ताण बसतो, तिथली बारीक दारं (चॅनल) उघडतात आणि पेशीची वागणूक बदलते असं मुख्यतः मानतात. या हलक्या प्रकाराला डिप्रेशनसाठी एफडीएची मान्यता नाही. ट्रायल चालू आहेत, बस्स.

आता त्यांना मेंदूत खोल का जायचंय? कपाळाच्या मागे, बरंच आत, सबकॅलोसल सिंग्युलेट नावाचा भाग आहे, डिप्रेशनमध्ये तो अति चालू असतो असं स्कॅनमध्ये दिसलं होतं. २००५ साली टोरांटोला हेलन मेबर्ग आणि आंद्रेस लोझानो यांनी सहा पेशंटच्या मेंदूत तिथे तारा घातल्या, डीबीएस म्हणतात ते. सहातले चार खूपच सुधारले, आणि हे सहाही जण असे की ज्यांना कशानेच गुण आला नव्हता. सगळीकडे गाजलं. मग एका कंपनीने ९० जणांवर मोठी ट्रायल केली, तारा सगळ्यांना घातल्या पण काहींचा करंट चालू, काहींचा बंद, आणि कुणाला काय ते सांगायचं नाही. सहा महिन्यांनी दोन्ही गटांत म्हणण्यासारखा फरकच निघाला नाही, ट्रायल मधेच आवरती घेतली. सहाचे ९० झाले की काय होऊ शकतं ते एवढं डोक्यात ठेवून पुढचं वाचा.

युटा युनिव्हर्सिटीत यान कुबानेकच्या ग्रुपने तोच भाग तारेशिवाय, अल्ट्रासाउंडने गाठायला मशीन बनवलं, डायडेम नाव. डोक्याच्या दोन्ही बाजूंना १२६-१२६ क्रिस्टल, ६५० किलोहर्ट्झ. त्यातली खुबी मला फार आवडली, आधी डावी बाजू उजवीकडे लहर पाठवते, उजवी डावीकडे, आणि पलीकडे किती पोचलं ते मोजून या माणसाच्या कवटीने नि केसांनी किती खाल्लं ते काढतात, मग तेवढा जोर वाढवून देतात. त्यांची एक पेशंट होती, तीस वर्षं डिप्रेशन, २४ तासांत तिचा डिप्रेशन मोजायचा स्कोअर शून्यावर आला आणि निदान ४४ दिवस तसाच राहिला. ही झाली एकटीची गोष्ट. नंतर २२ जणांवर नीट ट्रायल केली, खरं आणि खोटं मशीन, पेशंटलाही माहीत नाही आणि मोजणाऱ्यालाही नाही. एका सेशननंतर दुसऱ्या दिवशी स्कोअर किती उतरला तर खऱ्याने सुमारे ६१ टक्के.

आणि खोट्याने सुमारे ३५ टक्के.

ताई, हा दुसरा आकडा वहिनींना दाखवा. डोक्याला मशीन लावलं, लहर सोडलीच नाही, तरी दुसऱ्या दिवशी एक तृतीयांश उतार. ही काही फसवणूक नाही, माणसाला खरंच बरं वाटतं, कुणीतरी तास-दोन तास आपल्याकडे लक्ष देऊन बघतंय, काहीतरी नवीन होतंय, आशा असते. म्हणून कुठल्याही क्लिनिकच्या भिंतीवर आमचे पेशंट खूश असे व्हिडिओ लावता येतात आणि ते पेशंट खोटं बोलत नसतात.

बाकीचं थोडक्यात. ॲरिझोनात २० जणांना तीन आठवड्यांत जास्तीत जास्त ११ सेशन दिली, कपाळाच्या मागच्या एका भागावर, तेच तेच विचार डोक्यात फिरतात ते कमी व्हावे म्हणून. बरे निकाल आले पण खोटा गट नव्हताच. टेक्सासला ऑस्टिनमध्ये २९ जणांवर ॲमिग्डाला, म्हणजे भीती-भावनांशी संबंधित खोल भाग, धरून केलं, तिथे स्कॅनमध्ये परिणाम झाला का ते खऱ्या-खोट्याने तपासलं पण तीन आठवड्यांच्या उपचाराच्या भागात परत सगळ्यांना माहीत होतं की आपल्याला खरंच मिळतंय. त्याआधी २०२० साली २४ जणांवरच्या एका छोट्या ट्रायलमध्ये पाच दिवसांनी काळजी करणं कमी झालं, पण डिप्रेशनच्या स्कोअरमध्ये खऱ्या-खोट्यात फरक नाही.

अजून एक मजेशीर भानगड म्हणजे आवाज. अल्ट्रासाउंड ऐकू येत नाही असं आपण शाळेत शिकलो, पण ते तुकड्या-तुकड्यांत चालू-बंद करतात, त्याची गुणगुण कवटीतून कानात पोचू शकते. २०१८ मध्ये दोन ग्रुपनी, एकाने उंदरांवर नि एकाने गिनीपिगवर, दाखवलं की मेंदू जागा झाला असं जे वाटत होतं त्यातलं बरंचसं त्या प्राण्याला नुसतं ऐकू आल्यामुळे होतं. मग पेशंटला पण कळणार ना, माझं चालू आहे की बंद. म्हणून आता हेडफोनमधून मुद्दाम तसाच आवाज सोडतात. मला विचाराल तर ही पद्धत पुढे चालेल असं मनापासून वाटतं, पण मी पैज लावणं वेगळं आणि तुमच्या वहिनीने पाटल्या लावणं वेगळं.

कृष्णाकाठची

बापरे, एवढं कुणी सांगितलं नव्हतं. दोनदा वाचलं, वहिनीला पण वाचून दाखवलं, ती ३५ टक्क्यांवर अडकली, म्हणाली मग खोटंच लावा की, स्वस्तात पडेल. कितीतरी दिवसांनी हसली. एक विचारू का, मग अशा ट्रायलमध्ये दादाला घालता येईल का? आणि धोका काही असतो का, मेंदूला इजा वगैरे?

एफएमआरआयवाली

आत्तापर्यंत छोट्या ट्रायलमध्ये गंभीर इजा समोर आलेली नाही, डोकं दुखणं, झोप येणं असलं होतं. या क्षेत्रातल्या लोकांनी मिळून मर्यादा पण घातल्यात, मेंदूचं तापमान २ डिग्रीच्या वर वाढू द्यायचं नाही वगैरे. पण ती मर्यादा मशीनचा जोर मोजणाऱ्याला लागू. ज्याला आपल्या मशीनचा जोर माहीतच नाही त्याचं काय सांगणार. ट्रायलचं इथलं ओपीडी वाले सांगतील.

ओपीडी नंबर तीन

सॉरी, झोपून उठले. मी सायकियाट्रीची रेसिडेंट आहे, कुठली ते सांगत नाही. तुमचा पेशंट मी बघितलेला नाही, त्यामुळे हे सर्वसाधारण समजा.

ट्रायलचं आधी. भारतात होणाऱ्या ट्रायल सीटीआरआय या ट्रायलच्या सरकारी नोंदवहीच्या वेबसाईटवर नोंदवाव्या लागतात, कुणीही जाऊन शोधू शकतं. एथिक्स कमिटीची परवानगी लागते, तुमच्या भाषेत संमतीपत्र लागतं, त्यात काही इजा झाली तर भरपाई कोण देणार ते लिहिलेलं असतं, आणि प्रयोगातल्या उपचाराचे पैसे पेशंटकडून घेत नाहीत. आता ८५ हजार घेणाऱ्याला विचारा, हा प्रयोग आहे की मान्य झालेला उपचार? प्रयोग असेल तर पैसे कसले? आणि मान्य असेल तर मान्यतेचा कागद दाखवा. यातलं एक तरी उत्तर त्यांना द्यावंच लागेल.

तुमच्या डॉक्टरांनी नाव का काढलं नाही याचं उत्तर तुम्हाला वर मिळालंय. पण मला दुसरंच खटकलं, त्यांनी आरटीएमएस आणि ईसीटी या उपचारांचं नाव काढलं का (काय ते खाली सांगते)? औषधांना दाद देत नाही असं आम्ही कधी म्हणतो, तर निदान दोन वेगवेगळी औषधं, पुरेशा डोसने, पुरेसे आठवडे घेऊनही गुण नाही आला तर. निदान दोन. आणि पुरेशा हा शब्द महत्त्वाचा. अमेरिकेत २००६ ला स्टार-डी नावाच्या मोठ्या अभ्यासाचे निकाल आले, पहिल्या औषधाने साधारण एक तृतीयांश लोकच पूर्ण बरे झाले, म्हणजे पहिली गोळी नाही लागली तर त्यात नवल काहीच नाही. पण आमच्या ओपीडीत दहा औषधं झाली म्हणून येणाऱ्या माणसाची पिशवी उलटी केली की पुष्कळदा दिसतं, प्रत्येक औषध तीन आठवडे घेतलंय, सुरुवातीच्या डोसवर, मग डॉक्टर बदलला. तुम्ही अर्धवट स्ट्रिपा लिहिलंत ना, तिथेच माझं लक्ष गेलं. ती पिशवी घेऊन बसा आणि एका कागदावर उतरवून काढा, कुठली गोळी, किती मिलिग्रॅम, कधी सुरू, कधी बंद, का बंद. नऊ वर्षांत त्याचा थायरॉईड कधी तपासला का, दारूचं काय, आणि ती जी दोन वर्षं बरी गेली त्यात कधी झोप न लागता उत्साह ओसंडून वाहतोय, वाट्टेल तसा पैसा उडवतोय असं झालं होतं का, ते पण लिहा. असं असेल तर आजारच वेगळा निघू शकतो आणि गोळ्याही वेगळ्या.

आरटीएमएस म्हणजे चुंबकाचं, डिप्रेशनसाठी एफडीएने २००८ मध्ये मान्य केलेलं, पुण्या-मुंबईत बऱ्याच ठिकाणी मिळतं. ईसीटी म्हणजे लोक ज्याला शॉक म्हणतात ते, भीती सिनेमाने घातलीये. २०१७ च्या मानसिक आरोग्य कायद्याने भूल आणि स्नायू सैल करायचं औषध दिल्याशिवाय ईसीटी देताच येत नाही. जेवण तुटलंय, जीव नकोसा झालाय अशा पेशंटला अजूनही त्याच्याइतकं लवकर काम करणारं फार थोडं आहे आमच्याकडे. सरकारी मेडिकल कॉलेजात किंवा ठाणे, येरवडा, नागपूर, रत्नागिरीच्या मनोरुग्णालयात दाखवलं तर ८५ हजारांचा प्रश्नच येत नाही.

आणि एक स्पष्ट विचारते, त्याच्या बोलण्यात जगून काय करायचं असं येतं का? येत असेल तर हे सगळं बाजूला, आजच दाखवा, रात्री-अपरात्री टेलिमानस या सरकारी हेल्पलाईनचा १४४१६ आहे, फुकट, मराठीत बोलतात.

लायटर टकटक

मी आरटीएमएस घेतलंय, पुण्यात, २०२२ ला, तीस सिटिंग. साताऱ्याहून एसटीने रोज अपडाऊन करायचो, त्यातच निम्मा जीव जायचा. खुर्चीत बसवतात, कानात बोळे, डोक्याच्या डाव्या बाजूला एक कॉइल टेकवतात आणि मग गॅसचा लायटर कुणीतरी कवटीवर न थांबता मारतंय असं टकटकटकटक, मग जरा थांबतं, परत. पहिले तीन दिवस भुवई आणि दाढ फडफडायची. डोकं दुखायचं, मग सवय झाली.

गुण आला का, तर आला पण सिनेमात येतो तसा नाही. चौथ्या आठवड्यात स्टँडबाहेर सीताफळं घेतली आणि घरी आल्यावर बायको म्हणाली अरे तू घासाघीस केलीस? केली होती, वीस रुपयांसाठी, आणि माझं मलाच कळलं नव्हतं. त्याआधी दोन वर्षं दुकानदार सांगेल ते देऊन यायचो, बोलायचं कुठे. पण अकरा महिन्यांनी परत खाली गेलो, निम्मा. गोळ्या चालूच आहेत. पूर्ण बरा नाही, पण कामावर जातो.

आईला त्याआधी बऱ्याच वर्षांपूर्वी ईसीटी दिली होती. सकाळी दिली की दुपारी विचारायची मी चहा घेतला का रे, घेतलेला असायचा. तेवढे पंधरा-वीस दिवस विसरायची सगळं, काही गोष्टी त्या काळातल्या तिला परत आठवल्याच नाहीत. पण सहाव्यानंतर स्वतःहून भाकरी मागितली. मी दोन्ही बघितलंय म्हणून लिहिलं.

कृष्णाकाठची

अपडेट देते, सगळ्यांनी एवढं लिहिलंत म्हणून.

क्लिनिकला फोन केला. मशीनचं नाव विचारलं तर आधी म्हणाले इम्पोर्टेड आहे, मग फ्रिक्वेन्सी विचारली तर दुसऱ्या कुणाला तरी फोन दिला, तो म्हणाला मॅडम ते मॅग्नेटिक आहे. म्हटलं मग रीलमध्ये ध्वनिलहरी का लिहिलंय, तर म्हणाला आवाज येतो ना त्याचा. मी फोन धरून बसले नुसती. मग म्हणाला साठमध्ये करून देतो.

पिशवी उलटी केली. रात्री अकरापर्यंत बसलो तिघं, मी, वहिनी आणि दादा पण येऊन बसला शेवटी, कुठली गोळी कधी बंद केली ते त्यालाच बरोबर आठवत होतं. सात औषधं निघाली. ओपीडी ताई, तुम्ही म्हणालात तसंच, सातातली पाच महिन्याच्या आत बंद, एक तर नऊ दिवसांत, कारण झोप येते म्हणून मशीनवर हात जाईल अशी भीती वाटली त्याला. ते त्याने डॉक्टरांना सांगितलंच नव्हतं, नुसत्या गोळ्या बंद केल्या आणि घेतोय म्हणाला. थायरॉईड एकदाच, २०१७ ला. तुम्ही स्पष्ट विचारलंत ते मी पण त्याला स्पष्ट विचारलं, तो म्हणाला तसा विचार येतो पण करणार नाही काही. वहिनी उठून आत गेली. १४४१६ ला मी तेव्हाच लावला, चांगलं बोलल्या बाई, म्हणाल्या वाट बघू नका. त्यामुळे उद्याच सकाळी मेडिकल कॉलेजला नेतोय, रात्री मी इथेच झोपतेय, गोळ्यांची पिशवी माझ्याकडे आहे.

एकच विचारायचं राहिलं, ॲडमिट करा म्हणाले तर पुरुषांच्या वॉर्डात सोबतीला बाईमाणूस राहू देतात का, की माझ्या नवऱ्याला सुट्टी टाकायला सांगू?

ओपीडी नंबर तीन

बरं केलंत. त्याने जे सांगितलं ते उद्या डॉक्टरांना त्याच शब्दांत सांगा, सौम्य करून सांगू नका. पुरुष वॉर्डात बहुतेक ठिकाणी पुरुष नातेवाईकच मागतात, मिस्टरांना सुट्टी टाकायला लावा. तो कागद दोन झेरॉक्स करून न्या, एक आमच्या लोकांकडून हमखास हरवतो.